टॅग लावलेल्या पक्ष्याचा माग : विदर्भातील गावात राहून स्थलांतराचा अभ्यास कसा करावा

दरवर्षी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत विदर्भातील तलावांवर, धरणांच्या फुगवट्यांवर आणि माळरानांवर मंगोलिया, तिबेट, कझाकस्तान आणि सायबेरियातून आलेले पक्षी मुक्कामाला असतात. त्यांतील मोजक्या पक्ष्यांच्या पायात कडे, मानेत पट्टी किंवा पाठीवर छोटा ट्रान्समीटर, म्हणजेच टॅग, असतो, आणि असा एखादा पक्षी आपल्या गावच्या तलावावर उतरला, तर हजारो किलोमीटरच्या प्रवासातला एक टप्पा आपल्या डोळ्यांसमोर घडत असतो. हा प्रवास नकाशावर कसा पाहावा, त्यातील माहिती कशी वाचावी आणि पक्षी आपल्या परिसरात असताना स्वतः काय नोंदवावे, हे या लेखात सांगितले आहे. शाळेतील शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, तलावावर मासेमारी करणारे ढीवर बांधव आणि रब्बीच्या शेतात रोज जाणारे शेतकरी या सर्वांना हे काम जमण्यासारखे आहे. त्यासाठी इंटरनेट असलेला फोन, एक साधी दुर्बीण आणि वही एवढे साहित्य पुरते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढील सर्व सूचना तिच्यावर आधारलेल्या आहेत. उपग्रहाकडून मिळते ते प्रामुख्याने स्थान आणि वेळ. त्या ठिकाणी पक्षी काय खात होता, किती जणांच्या थव्यात होता, त्याला कोणी उठवले, पाणी किती उरले होते, हे काठावर उभ्या असलेल्या माणसालाच कळते. म्हणून नकाशा पाहणे आणि तलावावर जाणे ही दोन्ही कामे जोडीने करावीत. केवळ नकाशा पाहणाऱ्याला रेघ दिसते आणि केवळ तलावावर जाणाऱ्याला एक दिवस दिसतो.

पक्ष्याच्या अंगावरील खुणा

पक्षी दूरदेशी जातात याचा पहिला ठोस पुरावा युरोपात १८२२ साली मिळाला. जर्मनीत मारल्या गेलेल्या एका पांढऱ्या करकोच्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा बाण रुतलेला होता. १८९९ साली डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली आणि तेव्हापासून कडे घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रूढ झाली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजेच बीएनएचएसने, १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. धातूच्या कड्यावर संस्थेचे नाव आणि क्रमांक असतो, परंतु तो इतका बारीक असतो की पक्षी हातात आल्याशिवाय सहसा वाचता येत नाही. दुरून वाचता यावे यासाठी पायात रंगीत कडी किंवा छोट्या झेंडीसारखी पट्टी बसवतात, आणि हंसांच्या मानेत अक्षरे लिहिलेली रुंद पट्टी घालतात.

दुसरा प्रकार ट्रान्समीटरचा. त्याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा संकेत अभ्यासक पाळतात. पट्टकादंब हंस दोन ते तीन किलोचा असतो, त्यामुळे तो मोठे आणि वरचेवर स्थान कळवणारे उपकरण वाहू शकतो. अमूर ससाणा मात्र जेमतेम दीडशे ग्रॅमचा असल्याने त्याला पाच ग्रॅमच्या आसपासचेच उपकरण चालते. आपल्या नदीकाठी हिवाळ्यात शेपटी हलवत फिरणारा धोबी सुमारे वीस ग्रॅमचा असतो. त्याच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमहून थोडेच अधिक वजन येते, म्हणून अशा लहान पक्ष्यांची माहिती आजही मुख्यतः कड्यांवरूनच मिळते.

स्वतः पक्षी पकडून कडे किंवा टॅग लावण्याचा विचार कोणीही करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय वन्य पक्षी पकडणे हा गुन्हा आहे, आणि हे काम प्रशिक्षित अभ्यासकच शासनाच्या परवानगीने करतात. आपले काम वाचण्याचे आणि नोंदवण्याचे आहे.

मानेतील पट्टी आणि पायातील कडे वाचणे

विदर्भात सुरुवात करण्यासाठी मी पट्टकादंब हंस सुचवेन. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, राखाडी अंग आणि पिवळसर-नारिंगी चोच व पाय, एवढ्यावरून तो नवख्यालाही ओळखता येतो. तो उघड्यावर थव्याने वावरतो आणि एका पाणथळीवर बरेच दिवस थांबतो. मंगोलियात या हंसांच्या मानेत पट्ट्या घालण्याचे काम झालेले असल्यामुळे थव्यात पट्टीवाला पक्षी मिळण्याची शक्यताही असते. नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या बाजूचे तलाव, भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलाव आणि मोठ्या धरणांच्या उथळ कडा ही हंस शोधण्याची ठिकाणे होत. दिवसा हे पक्षी काठावरच्या चिखलात किंवा उथळ पाण्यात विसावतात आणि सकाळी लवकर, संध्याकाळी आणि रात्री चरायला निघतात. गाळपेरीतला हरभरा, गहू किंवा लाखोळीचा कोवळा पाला त्यांना आवडतो, त्यामुळे आसपासच्या शेतकऱ्याला विचारले तर हंस कोणत्या बाजूला उतरतात ते लगेच कळते.

सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने सकाळीच जावे, कारण उन्हे चढली की पाण्यावरच्या गरम हवेने अक्षरे थरथरू लागतात आणि कितीही चांगल्या दुर्बिणीतून ती जुळत नाहीत. एका जागी बसून राहावे. चालत जवळ जाण्याचा मोह टाळावा. थवा माना ताणून एकाच दिशेला पाहू लागला की तो अस्वस्थ झाला आहे असे समजून तिथेच थांबावे. विसावलेला हंस मान मागे वळवून चोच पिसांत खुपसतो, तेव्हा पट्टीचा वरचा भाग पिसांखाली जातो आणि तीन अक्षरांपैकी दोनच दिसतात. अशा वेळी घाईने अंदाज बांधू नये. थोड्या वेळाने तो पाणी पिण्यासाठी वाकतो किंवा शेजाऱ्यावर मान उगारतो, आणि त्या क्षणी पूर्ण पट्टी समोर येते. पट्टी गोलाकार असल्यामुळे कडेची अक्षरे अर्धीच दिसतात. बी, आठ आणि तीन, किंवा डी आणि शून्य यांत गल्लत होते ती याच कारणाने. म्हणून पक्षी वळत असताना एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि तीच अक्षरे निदान दोन वेगळ्या कोनांतून दिसल्यावरच वहीत लिहावीत. मोठी लेन्स नसेल तर फोनचा कॅमेरा दुर्बिणीच्या काचेला लावून घेतलेले छायाचित्रही पुष्कळदा पुरते.

पायातील खुणांच्या बाबतीत चार गोष्टी लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही: खूण कोणत्या पायात आहे, सांध्याच्या वर आहे की खाली, तिचा रंग कोणता आणि तिच्यावर काय लिहिले आहे. डावा-उजवा पाय पक्ष्याचा धरावा, पाहणाऱ्याचा नव्हे. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो प्रत्यक्षात पक्ष्याचा घोटा असतो. नोंदीत केवळ ‘सांध्याच्या वर’ किंवा ‘सांध्याच्या खाली’ असे लिहिले की गोंधळ उरत नाही. तुतवारासारख्या चिखलपक्ष्यांत दोन झेंड्यांचे रंग आणि त्यांचा वरखाली क्रम यांवरून पक्षी कोणत्या देशात किंवा ठिकाणी पकडला होता ते ठरते, त्यामुळे क्रम उलटा लिहिला गेला तर देशच बदलतो. चिखलाने माखलेली पांढरी झेंडी पिवळी दिसते, हेही ध्यानात ठेवावे. रंगाची खात्री नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. अर्धवट पण प्रामाणिक नोंद अभ्यासकाला उपयोगी पडते, आणि ठामपणे लिहिलेली चुकीची नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या इतिहासात जाऊन बसते.

नोंद बीएनएचएसकडे पाठवावी. परदेशातील खूण असली तरी ती संबंधित अभ्यासकापर्यंत पोहोचवण्याची वाट तिथून निघते. तारीख, वेळ, तलावाचे व गावाचे नाव, तालुका, जिल्हा, नकाशावरील अक्षांश-रेखांश, थव्यातील पक्ष्यांची संख्या आणि न कापलेले मूळ छायाचित्र एवढे पाठवावे. उत्तर यायला काही आठवडे लागू शकतात. ते येते तेव्हा हा पक्षी कुठे, कोणत्या वर्षी आणि किती वयाचा असताना पकडला होता हे समजते. शाळेच्या फलकावर ती माहिती लिहून नकाशावर दोन्ही गावे जोडून दाखवावीत. भूगोलाच्या तासाला याहून चांगले साधन मिळणार नाही. हीच नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकावी आणि शेऱ्यात पट्टीची अक्षरे लिहावीत. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपला तलाव समाविष्ट केला, तर दरवर्षीची संख्या एकाच पद्धतीने मोजली जाते आणि पुढे ती ताडून पाहता येते.

नकाशावरचा पक्षी

ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांच्या नोंदी साठवण्याची सर्वांत मोठी खुली जागा म्हणजे मूव्हबँक. जर्मनीतील माक्स प्लांक प्राणिवर्तन संस्थेकडून ती चालवली जाते आणि खाते उघडायला पैसे लागत नाहीत. त्याच माहितीवर चालणारे ॲनिमल ट्रॅकर हे ॲप फोनवर घेता येते. पक्ष्याच्या शास्त्रीय नावाने शोध घेतल्यास त्या जातीवरील अभ्यास दिसतात. काही अभ्यास सर्वांना खुले असतात, काहींचा फक्त नकाशा दिसतो आणि काही पूर्णपणे बंद असतात. बंद असण्यामागे बहुधा पक्ष्याची सुरक्षितता किंवा अपुरे राहिलेले संशोधन असते, त्याबद्दल रोष धरू नये. खुली माहिती उतरवून घेतली तरी ती दुसरीकडे छापण्यापूर्वी अभ्यासकाची परवानगी घ्यावी. याशिवाय वन खाते आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आपल्या टॅग लावलेल्या पक्ष्यांचे नकाशे वेळोवेळी जाहीर करतात.

नकाशा उघडल्यावर प्रथम ठिपके पाहावेत आणि रेघ नंतर पाहावी. पक्ष्याने दिलेले असतात ते ठिपके. दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेघ संगणकाने काढलेली असते. तेव्हा ती रेघ आपल्या गावावरून गेली म्हणजे पक्षी गावावरून गेला असे होत नाही. दोन ठिपक्यांत दोन दिवसांचे अंतर असेल, तर मधल्या काळात तो शंभर किलोमीटर बाजूला जाऊन परत वाटेवर आलेला असू शकतो. लहान उपकरणे वीज वाचवण्यासाठी ठरावीक काळच चालू राहतात. युरोपातील कुक्कू पक्ष्यांच्या अभ्यासात वापरलेली कित्येक उपकरणे दहा तास चालू आणि अठ्ठेचाळीस तास बंद अशा पाळीने चालत असत. त्यामुळे प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांच्या वेळा पाहिल्याशिवाय तिच्याविषयी कोणतेही विधान करू नये.

ठिपक्यांची अचूकताही सारखी नसते. आर्गोस या उपग्रह-प्रणालीत पक्ष्याच्या उपकरणाकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत उपग्रहाच्या गतीमुळे जो फरक पडतो त्यावरून स्थान काढतात आणि प्रत्येक स्थानाला श्रेणी देतात. श्रेणी तीन असेल तर चूक अडीचशे मीटरच्या आत असण्याची अपेक्षा असते, श्रेणी एकमध्ये ती दीड किलोमीटरपर्यंत जाते, शून्यात त्याहूनही अधिक, आणि ए व बी या श्रेणींना अचूकतेचा अंदाजच दिलेला नसतो. जीपीएस असलेले उपकरण सहसा काही मीटर ते काही दशक मीटर इतके अचूक असते. यांतील काही उपकरणे आपली माहिती मोबाइलच्या जाळ्यातून पाठवतात. पक्षी टॉवरच्या आवाक्याबाहेर गेला की स्थाने आत साठत राहतात आणि पुन्हा जाळ्यात आल्यावर एकदम बाहेर पडतात. मेळघाटच्या दऱ्यांत किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ठिपके थांबले, तर आधी हे कारण तपासावे.

वेळेची बाब किरकोळ वाटते, पण सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. मूव्हबँकमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ काढण्यासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. तिथे रात्रीचे साडेआठ लिहिलेले असतील, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे दोन वाजलेले असतात, म्हणजे तारीखही बदलते. पट्टकादंब हंसांच्या अभ्यासात याला विशेष महत्त्व आहे. हिमालय ओलांडताना हे हंस दुपारच्या वर जाणाऱ्या वाऱ्याची वाट न पाहता बहुतांशी रात्री आणि पहाटे उडतात, कारण तेव्हा हवा थंड, दाट आणि शांत असते, असे टॅगांवरूनच दिसून आले. भारतात आणि मंगोलियात टॅग लावलेल्या या हंसांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली, परंतु बहुतेक उड्डाणे दऱ्याखोऱ्यांचा आधार घेत त्याहून पुष्कळ खालून झाली होती. वेळ न बदलता हेच आकडे पाहणाऱ्याला रात्रीचे उड्डाण भर दिवसाचे वाटेल.

वेग स्वतः काढून पाहावा. त्यासाठी विशेष गणित लागत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि नागपूरच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर, एवढे लक्षात ठेवावे. उदाहरणासाठी असे समजू की एका हंसाचे पहिले स्थान नागपूरच्या थोडे पूर्वेला, २१.१० उत्तर आणि ७९.२० पूर्व येथे, जागतिक वेळेनुसार दुपारी दोन वाजताचे आहे, आणि दुसरे २२.६० उत्तर व ७९.७० पूर्व येथे, म्हणजे मध्य प्रदेशातील लखनादौनच्या परिसरात, संध्याकाळी पाच वाजताचे आहे. उत्तरेकडे दीड अंश म्हणजे १६६ किलोमीटर आणि पूर्वेकडे अर्धा अंश म्हणजे ५२ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सरळ अंतर सुमारे १७४ किलोमीटर येते. तीन तासांत इतके, म्हणजे ताशी ५८ किलोमीटर. हंसाला हा वेग सहज शक्य आहे. आपल्या घड्याळाप्रमाणे हे उड्डाण संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेदहाच्या दरम्यान झाले, म्हणजे पक्षी अंधार पडल्यावर निघाला. याउलट एका तासात चारशे किलोमीटर दूरचा एखादा ठिपका दिसला आणि लगेच पुढचा ठिपका पुन्हा जुन्या जागी आला, तर तो मधला ठिपका बी श्रेणीचा आहे का ते पाहून बाजूला ठेवावा. त्याला वहीतून खोडून टाकू नये. ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारावा.

याच्या जोडीला वारा पाहावा. विंडीसारख्या ॲपवर वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्याची दिशा दिसते आणि पक्षी त्याच दिवशी का निघाला याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळते. अमूर ससाण्याचा प्रवास याचे उत्तम उदाहरण आहे. हा ससाणा सायबेरियाच्या आग्नेय भागात आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात मोठ्या संख्येने थांबतो आणि नंतर भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातो. नागालँडमधील दोयांग जलाशयावर २०१२ साली त्यांची प्रचंड शिकार उजेडात आली. तिथल्या गावकऱ्यांनीच ती थांबवली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपकरणे लावून नागा, वोखा आणि पांगती अशी नावे देण्यात आली. ईशान्येकडून वाहणारा मोसमोत्तर वारा त्यांच्या पाठीशी असतो, आणि त्याच काळात त्याच दिशेने समुद्र ओलांडणारे चतुर (ड्रॅगनफ्लाय) हे कीटक त्यांना वाटेत खाद्य म्हणून मिळत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. मात्र हा ससाणा मध्य भारतातून जाताना फारसा थांबत नाही. विदर्भावर त्याचा ठिपका दिसला की दुचाकी काढून त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही, कारण ठिपका आपल्याला दिसेपर्यंत तो बहुधा शेकडो किलोमीटर पुढे गेलेला असतो. माझ्या मते नकाशा वाचायला शिकण्यासाठी ससाणा घ्यावा आणि जमिनीवरच्या कामासाठी हंस किंवा भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी घ्यावा.

ठिपका आपल्या तालुक्यात आला तर

टॅग लावलेला पक्षी आपल्या परिसरात थांबला आहे असे नकाशावरून कळले, तर प्रथम त्याच्या ठिपक्यांचे दोन गट पाडावेत, दिवसाचे आणि रात्रीचे. दिवसा चरणाऱ्या पक्ष्यांत दिवसाचे ठिपके चरण्याची जागा दाखवतात आणि रात्रीचे विसाव्याची; हंसांत मात्र दिवसाचे ठिपके बहुधा विसाव्याचे असतात. भोवत्यांच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट असतो. दिवसभर ते तूर, कपाशी आणि सोयाबीन निघालेल्या रानांवरून खालून तरंगत नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी शोधतात, आणि संध्याकाळी दूरदूरचे पक्षी एकाच गवताळ जागेत जमिनीवर मुक्कामाला जमतात. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळसारखी उरलीसुरली गवताळ माळराने म्हणूनच जपण्यासारखी आहेत. गवत जाळले किंवा नांगरले की एका रात्रीत कित्येक पक्ष्यांचा मुक्काम मोडतो.

नोंदी घेताना एका पानावर एकच दिवस ठेवावा. पाण्याची पातळी, काठावर चिखल आहे की गवत, जवळच्या शेतात कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे, पक्षी किती वेळ चरला आणि तो कशामुळे उडाला, हे लिहावे. उडण्याचे कारण आवर्जून लिहावे, कारण कुत्री, मोटारपंप, फटाके, डोंगा की छायाचित्रकार यांतले काय त्रासदायक ठरते हे उपग्रहाला कधीच कळत नाही. ढीवर बांधवांशी बोलावे. कोणत्या तलावात देवधान (आपोआप उगवणारे रानधान) वाढले आहे, गाळ किती साचला आहे, पूर्वी येणारी बदके कोणत्या वर्षापासून कमी झाली, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. त्यांनी सांगितलेली माहिती वहीत त्यांच्याच शब्दांत आणि वेगळ्या रकान्यात ठेवावी, म्हणजे ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले यांची सरमिसळ होत नाही.

ताजे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. शिकारीचा धोका आहेच; शिवाय एका छायाचित्रासाठी दहा गाड्या तलावाच्या पाळीवर आल्या, तर थवा दुसऱ्या दिवशी तिथे राहत नाही. जिल्ह्याचे नाव पुरे असते, आणि तेही पक्षी निघून गेल्यावर.

ठिपका हलेनासा झाला तर

याची कारणे अनेक असू शकतात. पक्षी मेला असेल, उपकरणाचा पट्टा झिजून ते गळून पडले असेल, किंवा वीण सुरू झाल्यामुळे मादी घरट्यावर बसली असेल. ठिपके एकाच जागी येत राहिले तर महिना कोणता आणि ठिकाण कोणते हे पाहावे: मे-जूनमध्ये मंगोलियातील सरोवराकाठी थांबलेली हंसाची मादी अंडी उबवत असू शकते, पण जानेवारीत विजेच्या तारांखाली कित्येक दिवस न हललेला ठिपका वेगळे सांगतो. काही उपकरणांत तापमान आणि हालचाल मोजण्याची सोय असते. तापमान दिवसरात्र हवेबरोबर वरखाली होऊ लागले, तर ते जिवंत पक्ष्याच्या अंगावर नसण्याची शक्यता वाढते. ठिपके येणेच बंद झाले, तर ते सौर घटावर चालणाऱ्या उपकरणांत ढगाळ हवेमुळे किंवा पिसांनी घट झाकला गेल्यामुळेही घडते आणि पुष्कळदा ऊन पडल्यावर ते पुन्हा सुरू होतात.

जागा आपल्या आवाक्यातली असेल, तर वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्याबरोबर जावे. मृत पक्षी उघड्या हाताने उचलू नये, कारण बर्ड फ्लूचा धोका नाकारता येत नाही. पक्षी पडला आहे तशा अवस्थेत, वरच्या तारा आणि आजूबाजूचा परिसर दिसेल अशी छायाचित्रे आधी घ्यावीत. जाळ्याचा दोर, विषारी आमिष किंवा भाजल्याच्या खुणा मृत्यूचे कारण सांगतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून २०२४ साली टॅग लावून सोडलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी एक तमिळनाडूपर्यंत पोहोचले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. त्याचे ते जाणे ऋतुमानाचे स्थलांतर नव्हते, पण टॅगमुळे त्याची वाट आणि त्याचा शेवट दोन्ही कळले, आणि कोणत्या खांबांवर काय सुधारणा हवी याची चर्चा त्यातून करता येते. सापडलेले उपकरण घरी आणून ठेवू नये. त्याच्यावरील क्रमांक लिहून ते वन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे, कारण न पाठवली गेलेली स्थाने त्याच्या आत शिल्लक असू शकतात.

मार्चमध्ये हंस उत्तरेकडे निघू लागतात. त्या दिवसांत तलावावर रोज संध्याकाळी मोजणी करावी आणि थव्याची संख्या एकदम घटल्याची तारीख वाऱ्यासह लिहावी. तीच तारीख नकाशावरील पहिल्या लांब उड्डाणाशी जुळते का हे पाहणे या कामातील सर्वांत समाधान देणारा भाग आहे. त्यानंतर तिबेटच्या पठारावर मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवणारी उपकरणे आठवडेच्या आठवडे गप्प राहू शकतात. म्हणून एखादा पक्षी एप्रिलमध्ये दिसेनासा झाला तरी त्याचे पान वहीतून काढू नये. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत महिन्यातून एकदा त्याचा नकाशा उघडून पाहावा, उशिरा आलेली स्थाने त्यांच्या मूळ तारखांना लिहावीत, आणि हिवाळा लागताच त्याच तलावाच्या त्याच काठावरून पहिली मोजणी पुन्हा सुरू करावी.